अंगणांतील हौद आणि बगळ्याचें ध्यान

पंचतंत्रांतील म्हाताऱ्या बगळ्याची गोष्ट मराठी घरांत लहानपणींच कानांवर पडते. तळें आटणार अशी भीति घालून तो एकेक मासा दुसऱ्या तळ्याकडे नेण्याचें सोंग करितो आणि वाटेंतील खडकावर त्याचा फन्ना उडवितो. शेवटीं कुलीरक नांवाचा खेंकडा त्याची मान कापून माशांचा सूड घेतो. ह्या गोष्टीनें बगळ्याच्या माथीं ढोंगीपणाचा शिक्का कायमचा बसला. 'बकध्यान' हा शब्द तर माणसांनाही लावला जातो. ज्याच्या अंगणांत किंवा गच्चीवर लहानसा हौद आहे, हौदांत तांबडे-सोनेरी मासे खेळत आहेत, आणि एके दिवशीं सकाळीं ते मोजतांना चारदोन कमी भरतात, त्या गृहस्थास मात्र ही गोष्ट केवळ नीतिकथा राहत नाहीं.

ही हानि दुहेरी असते. मुलांनीं ज्यांस लाडाचीं नांवें दिलीं, शाळेंतून आल्यावर ज्यांस दाणे टाकले, ते मासे नाहींसे झाले म्हणजे घरांत दुःख होतें, हें एक. दुसरी हानि आरोग्याची. हौद, पिंपें आणि कारंज्याचीं कुंडें ह्यांत मासे सोडतात ते नुसत्या शोभेसाठीं नव्हेत. मुंबईंतील हिंवतापाच्या कारणांसंबंधीं डॉ. बेंटले ह्यांनीं १९११ सालीं जो अहवाल दिला, त्यांत शहरांतील विहिरींत वाढणाऱ्या ॲनॉफिलीस डांसाकडे बोट दाखविलें होतें. पुढें डांसांच्या अळ्या खाणाऱ्या माशांचा उपयोग होऊं लागला. गॅम्बुशिया जातीचा मासा १९२८ सालीं इटलींतून भारतांत आणला गेला, आणि गप्पी माशाचें नांव तर महाराष्ट्रांत आज घरोघरीं ठाऊक आहे. उष्ण हवेंत डांसाच्या अंड्यापासून पूर्ण डांस होण्यास आठदहा दिवस पुरतात. पक्ष्यानें हौद रिता केला आणि कोणाचें लक्ष गेलें नाहीं, तर पंधरवड्याच्या आंत तोच हौद डांसांचें माहेर होतो.

अशा वेळीं पहिला राग पक्ष्यावर निघतो. कोणी दगड उचलतो, कोणी सांपळ्याची चौकशी करितो. परंतु विचार करूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, पक्षी जें करितो तें तो नदीकांठींही करीत असतो, आणि तरीही नदींतील मासे संपत नाहींत. घरच्या हौदांतील मासे मात्र आठवड्याभरांत संपतात. ह्याचें कारण पक्ष्यांत नसून हौदांत आहे. निसर्गानें माशाला संरक्षणाचीं तीन साधनें दिलेलीं आहेत: लपविणारा रंग, पळून जाण्यास जागा, आणि सावलीची भीति. माणसानें मासा पाळला तेव्हां हीं तिन्ही साधनें त्यानें, बहुधा नकळत, काढून घेतलीं.

प्रथम रंगाचा विचार. नदींतील सामान्य माशाची पाठ काळसर व पोट पांढरट असतें. वरून पाहणाऱ्या पक्ष्यास ती पाठ तळच्या चिखलांत मिसळून जाते, आणि खालून पाहणाऱ्या मोठ्या माशास तें पोट आकाशाच्या उजेडांत दिसेनासें होतें. सोनेरी माशाचा रानटी पूर्वजही असाच हिरवट-करड्या रंगाचा होता. त्याच्या वंशांत क्वचित् उपजणारे तांबूस-पिवळे मासे चीनमधील लोकांनीं निराळे ठेवून जपले, आणि सुंग राजवटीच्या काळीं, म्हणजे इ. स. ९६० ते १२७९ च्या दरम्यान, ते बागांतील हौदांचें भूषण झाले. जपानांतील निइगाता भागांतल्या शेतकऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकांत खाण्यासाठीं पाळलेल्या माशांतून रंगीबेरंगी कोइ मासे निपजविले, आणि १९१४ सालच्या टोकियोंतील प्रदर्शनानंतर त्यांची कीर्ति सर्वत्र पसरली. नदींत असा एकादा तांबडा मासा उपजला, तर बहुधा तोच पहिल्यानें पक्ष्याच्या पोटांत जातो. जो रंग पाहून घरधनी हौदापाशीं रमतो, तोच रंग पाहून बगळा भिंतीवर उतरतो.

दुसरें साधन पळून जाण्याची जागा. नदींत डोह असतो, कपार असते, बुडालेलें खोड असतें, लव्हाळ्याची दाटी असते. घरचा हौद बहुधा चौकोनी, गुळगुळीत, स्वच्छ आणि उथळ. मासे चांगले दिसावेत म्हणूनच तो तसा बांधलेला असतो. तेथें मासा फार तर या कोपऱ्यांतून त्या कोपऱ्यांत जाईल.

तिसरें साधन भीति. रानटी माशावर वरून सावली पडली कीं तो क्षणांत तळाशीं जातो. पाळलेल्या माशास कांठावरची सावली म्हणजे खाऊ, असें शिक्षण रोज दोन वेळां मिळतें. मनुष्याची चाहूल लागतांच तो तोंड उघडून वर येतो. उद्यां त्याच कांठावर बगळा उभा राहिला, तर ही संवय माशाचा घात करिते.

आतां शिकारी पक्ष्यांकडे वळावें. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, म्हणून एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाहीं. शहरांतील हौदावर अधिक येणारा म्हणजे वंचक; ह्यासच ढोकरी किंवा भुरा बगळा असेंही म्हणतात. हा कोंबडीएवढ्या उंचीचा, मातकट व रेघांच्या अंगाचा पक्षी बसला असतां दिसत नाहीं; उडाला कीं एकदम शुभ्र पंख उघडतात. तो कांठावर किंवा घोट्याएवढ्या पाण्यांत निश्चल उभा राहतो. त्याची मान दुमडून ठेवलेल्या स्प्रिंगसारखी असते, आणि मासा टप्प्यांत येतांच ती सुटते. पाण्यांतील वस्तु प्रकाशाच्या वक्रीभवनामुळें असते त्याहून वर दिसते. परंतु बगळा हा फरक जमेस धरून चोंच मारतो. त्याचा मोठा भाऊ राखी बगळा तीन फुटांच्या आसपास लांबीचा, लांब पायांचा, म्हणून अधिक खोल पाण्यांत उतरणारा. तिसरा रातबगळा. तो दिवसभर दाट झाडांत झोंपतो आणि तिन्हीसांजेस बाहेर पडतो. अंधारांत आकाशांतून एकच खरखरीत आवाज आला, तर तो बहुधा त्याचा. रात्रीं मासे कमी होतात आणि दिवसा तर कोणी दिसत नाहीं, हें कोडें पुष्कळदां ह्या पक्ष्यापाशीं सुटतें. गुरांच्या पायांशीं हिंडणारा पांढरा गायबगळा मात्र मुख्यतः किडे व नाकतोडे खाणारा. त्याच्यावर आळ घेण्यापूर्वीं विचार करावा.

बगळ्यांहून अगदीं भिन्न रीत खंड्याची. तारेवर बसून कर्कश किलबिलाट करणारा, तपकिरी डोक्याचा, पांढऱ्या छातीचा आणि निळ्या पंखांचा मोठा खंड्या बागांत नेहमीं दिसतो. तो नाकतोडे, सरडे, बेडूक असें सर्वच खातो, आणि मासा मिळाल्यास तोही सोडीत नाहीं. चिमणीहून थोडा मोठा असा लहान खंड्या मात्र पक्का मासेखाऊ. तो पाण्यावर झुकलेल्या फांदीवर बसतो, बाणासारखा पाण्यांत शिरतो, आणि मासा घेऊन त्याच फांदीवर परततो. तेथें मासा आपटून त्याचें डोकें आधीं गिळतो. ह्याला कांठ लागत नाहीं, उथळ पाणीही लागत नाहीं. त्याला लागते ती बसावयाची जागा.

घार पाण्यांत शिरत नाहीं. ती उडतां उडतां पृष्ठभागावरचा मासा नखांनीं उचलते. पाणकावळा बुडी मारून माशाचा पाठलाग करितो. परंतु उडण्यापूर्वीं त्याला पाण्यावरून धांव घ्यावी लागत असल्यामुळें घरगुती हौदांत तो सहसा उतरत नाहीं. मोठ्या बागेंतील तळ्यास मात्र त्याचें भय असतें.

उपाय योजण्यापूर्वीं चोर कोण हें ठरवावें. बगळा मासा सबंध गिळतो, म्हणून मागें कांहीं राहत नाहीं. कांठावर पांढरी विष्ठा आणि ओल्या मातींत लांब बोटांचे ठसे एवढीच खूण सांपडते. कधीं कधीं मोठा मासा त्याच्या चोंचींतून निसटतो, आणि अंगावर खोल जखम घेऊन फिरतांना आढळतो. खवले किंवा अर्धवट खाल्लेला मासा भिंतीजवळ पडलेला असला तर मांजर, घूस किंवा कावळा ह्यांचा संशय घ्यावा. बागेंतील हौदांत पाणदिवड हा बिनविषारी सापही मासे खातो. आणि मेलेले मासे सबंध तरंगत असतील, तर तो दोष बहुधा पाण्याचा. नळाचें ताजें पाणी एकदम ओतल्यास त्यांतील क्लोरीन माशांस बाधतो. तें दिवसभर उघड्या भांड्यांत ठेवून मग घालावें.

उपायांत पहिला मान खोलीचा. नवा हौद बांधावयाचा असेल तर त्याच्या भिंती सरळ उभ्या ठेवाव्या, पायऱ्या किंवा उतरता कांठ ठेवूं नये, आणि मधला भाग निदान अडीच-तीन फूट खोल असावा. बगळा पोहून शिकार करणारा पक्षी नव्हे. त्याला पाय टेकावयास जागा लागते. पाण्याची पातळी कांठापासून वीतभर खालीं ठेविल्यास वंचकाची चोंच सहज पोंचत नाहीं. मात्र अशा हौदांत बेडूक, खार किंवा एकादें मांजराचें पिलूं पडल्यास वर येण्यासाठीं एका कोपऱ्यांत खडबडीत अरुंद फळी तिरपी टेकून ठेवावी. घरांत लहान मूल असेल तर खोल हौदावर मजबूत जाळी बसविल्यावांचून तो भरूंच नये. माशांच्या रक्षणापेक्षां मुलाचें रक्षण पहिलें.

खोलीचा दुसराही एक लाभ आहे. वैशाखांत उथळ पाणी तापतें, आणि तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो. शिवाय रात्रीं शेवाळें व पाणवनस्पति स्वतःच श्वसनासाठीं प्राणवायु खर्च करितात, आणि उजेड नसल्यामुळें नवा तयार होत नाहीं. म्हणून पहांटे हौदांतील प्राणवायु सर्वांत कमी असतो. दाटी झालेल्या हौदांतील मासे त्या वेळीं पृष्ठभागावर येऊन तोंड मिटीत-उघडीत राहतात, आणि नेमका त्याच वेळीं बगळा येतो. मासे पहांटे वर दिसत असतील, तर पक्ष्याच्या आधीं पाण्याचा विचार करावा: मासे कमी करावे, शेवाळें काढावें, उरलेलें अन्न कुजूं देऊं नये, आणि शक्य असल्यास कारंजें किंवा पाण्याची बारीक धार रात्रींही चालूं ठेवावी. कारंज्यानें पृष्ठभाग हालता राहतो, त्यामुळें पक्ष्यास खालचा मासा स्पष्टही दिसत नाहीं.

दुसरा उपाय आसऱ्याचा. तो सर्वांत स्वस्त आहे. कमळ किंवा कुमुद लावून पाण्याचा सुमारें तिसरा हिस्सा ते अर्धा भाग पानांनीं झांकला जाईल असें करावें. सगळेंच पाणी झांकणें इष्ट नव्हे, कारण उघड्या पृष्ठभागांतूनच हवा पाण्यांत मिसळते. जलपर्णी तर हौदांत शिरूंच देऊं नये, ती थोड्या दिवसांत सर्व पाणी व्यापते. तळाशीं, सर्वांत खोल जागीं, फुटकीं मडकीं आडवीं ठेवावीं, जुनीं कौलें विटांवर रचावीं, किंवा मातीच्या नळाचे तुकडे टाकावे. त्यांच्या कडा धारदार नसाव्या. एकच मोठें घर करण्यापेक्षां चारपांच लहान आसरे बरे. कोठूनही निघालेला मासा दोन क्षणांत आंत शिरला पाहिजे. मासे लपून बसतात व दिसत नाहींत, अशी पहिले कांहीं दिवस तक्रार होते. परंतु आसरा जवळ आहे अशी खात्री पटली कीं तेच मासे अधिक निर्धास्तपणें बाहेर हिंडूं लागतात.

तिसरा उपाय संवयीचा. दाणे कांठावरून न टाकतां खोल भागाच्या मध्यावर टाकावे, आणि तेही पहांटे किंवा तिन्हीसांजेस नव्हे, तर ऊन चांगलें वर आल्यावर. दोन-तीन मिनिटांत संपतील एवढेच द्यावे. कांठावर उभें राहून बोटांनीं मासे बोलाविण्याचा खेळ मुलांना आवडतो खरा. तो मोडवत नसेल, तर निदान जाळी बसविलेल्या हौदापुरताच ठेवावा.

ह्यानंतर अडथळ्यांचा विचार. बगळा उडत येऊन पाण्यांत पडत नाहीं. तो जवळ उतरतो आणि चालत कांठापाशीं येतो. म्हणून कांठाच्या भोंवतीं खुंट्या रोवून अर्ध्या फुटावर व एक फुटावर अशा दोन दोऱ्या ताणून बांधाव्या. पायांस व छातीस दोरी अडूं लागली कीं तो पुष्कळदां परत फिरतो. दोरी जाड व ठळक असावी. न दिसणारा बारीक नायलॉनचा धागा वापरूं नये, त्यांत पाय व पंख अडकतात. खंड्यासाठीं ह्या दोऱ्यांचा उपयोग नाहीं. त्याच्यासाठीं हौदावर आलेली फांदी छाटावी, आणि हौदाच्या डोक्यावरून जाणारी कपडे वाळत घालण्याची दोरी दुसरीकडे न्यावी. एवढ्यानेंही त्याचें येणें पुष्कळ कमी होतें.

जाळी हा सर्वांत खात्रीचा उपाय, परंतु निष्काळजीपणें योजल्यास सर्वांत क्रूरही. हौदावर सैल टाकलेलें पातळ नायलॉनचें जाळें पावसानें व पानांच्या भारानें पाण्यापर्यंत झोळीसारखें लोंबतें. बगळा त्यावर उभा राहून छिद्रांतून चोंच मारतो, म्हणजे मासे वांचत नाहींत. आणि खंड्या, बुलबुल किंवा साप त्यांत गुरफटून तडफडत मरतात, म्हणजे पक्षीही वांचत नाहींत. त्यापेक्षां लांकडी किंवा लोखंडी चौकटीवर एक इंचाहून मोठीं छिद्रें नसलेली ताठ तारेची जाळी बसवावी, आणि ती पाण्यापासून फूटभर उंच ठेवावी. चौकटीस बिजागऱ्या लावल्या म्हणजे हौद साफ करण्यास अडचण येत नाहीं. जाळी कोणतीही असो, ती रोज सकाळीं एकवार पाहावी.

बुजगावणें, चकाकणाऱ्या फिती, लोंबत्या तबकड्या, प्लॅस्टिकचा खोटा बगळा ह्यांवर लोक पुष्कळ पैसे घालवितात. पक्षी चार दिवस बिचकतो, पांचव्या दिवशीं ह्या वस्तूंपासून अपाय नाहीं हें ओळखतो, आणि पुढें त्याच बुजगावण्याच्या खांद्यावर बसतो. खोट्या बगळ्याचा तर कधीं उलटा परिणाम होतो. बगळे दुसरे बगळे जेथें चरतांना दिसतात तेथें उतरणारे पक्षी आहेत. येथें अन्न आहे, अशीच ती जाहिरात ठरते. अशा वस्तु वापरावयाच्याच असतील तर दर दोन दिवसांनीं त्यांची जागा बदलावी, आणि मुख्य उपाय पुरा होईपर्यंतच त्यांच्यावर विसंबावें.

पक्ष्यास मारण्याचा विचार मात्र मनांतून काढून टाकावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बगळे, खंड्ये ह्यांसारख्या वन्य पक्ष्यांस संरक्षण दिलेलें आहे. त्यांस मारणें, विष घालणें, सांपळ्यांत धरणें, त्यांचीं घरटीं वा अंडीं नासणें हा गुन्हा होय. कायदा बाजूस ठेविला तरी व्यवहारदृष्टीनेंही त्यांत अर्थ नाहीं. हौद उघडा आहे तोंपर्यंत एक बगळा गेला कीं त्याची जागा दुसरा घेतो. शिवाय शहराभोंवतींचीं तळीं बुजलीं, ओढे बांधून काढले गेले, पाणथळ जागांवर वस्ती झाली. त्या पक्ष्यांस उरलेलें पाणी शोधीत घरांच्या अंगणापर्यंत यावें लागतें. उन्हाळ्यांत ओढे आटले कीं ही ओढ आणखी वाढते. म्हणून वरील सर्व व्यवस्था माघ-फाल्गुनांतच करून ठेवणें शहाणपणाचें.

एक सूचना गप्पी व गॅम्बुशिया ह्या माशांविषयीं. हौदांत ते फार झाले म्हणून नदींत, ओढ्यांत किंवा गांवच्या तळ्यांत सोडून देऊं नयेत. ते परदेशांतून आलेले असून भराभर वाढतात आणि येथील मूळच्या लहान माशांस व बेडकांच्या पिलांस उपद्रव देतात. घराचें पाणी घरांतच राखावें.

इतकें केल्यावरही एकादे वेळीं एकादा मासा जाईल. गप्पीसारखे मासे ही तूट थोड्या आठवड्यांत भरून काढतात, कारण त्यांची मादी अंडीं न घालतां जिवंत पिलें देते आणि वर्षांतून अनेकदां विते. मोठ्या रंगीत माशांचें तसें नसतें. एक मासा गेला कीं अनेक वर्षांची संगत गेली. त्यांच्यासाठीं तरी खोली, आसरा आणि ताठ जाळी ह्यांत काटकसर करूं नये.

पंचतंत्रांतील खेंकड्यानें बगळ्याची मान कापली, पण त्यामुळें गेलेले मासे परत आले नाहींत. ते फसले, कारण त्यांचें तळें आटण्याची भीति त्यांस खरी वाटली आणि दुसरा आसरा त्यांस दिसत नव्हता. घरच्या हौदांतील माशांची स्थिति पुष्कळशी तशीच असते. भेद एवढाच कीं त्यांचें तळें माणसानें बांधलेलें आहे, आणि आसराही माणूसच देऊं शकतो. ज्या घरांत हें काम वेळेवर होतें, तेथें सकाळच्या चहाच्या वेळीं भिंतीवर वंचक उभा असतो, पाण्यांत कमळाच्या पानांखालीं मासे हिंडत असतात, आणि मुलांना दोन्ही पाहावयास मिळतात.